रात्री दहानंतरचा चौक

केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीने १९ मार्च २०२५ रोजी एका रस्त्याला मंजुरी दिली. उरणजवळच्या पागोटे गावातून, म्हणजे जेएनपीए बंदराच्या दारातून निघणारा हा सहापदरी, नियंत्रित प्रवेशाचा महामार्ग २९.२१९ किलोमीटर लांबीचा आहे. खर्च सुमारे साडेचार हजार कोटी रुपये. मोठ्या कंटेनर ट्रेलरना चढ-उतारांत वेग गमवावा लागू नये म्हणून वाटेत दोन बोगदे धरले आहेत. या रस्त्याचं दुसरं टोक ज्या गावाशी येतं, त्या गावाचं नाव चौक. तालुका खालापूर, जिल्हा रायगड.

मंजुरीमागचं कारण सरळ आहे. बंदरातून सुटलेल्या कंटेनरला राष्ट्रीय महामार्ग ४८ किंवा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग गाठायला दोन ते तीन तास लागतात, असं केंद्र सरकारच मंजुरीच्या निवेदनात म्हणतं. पळस्पे फाटा, डी पॉइंट, कळंबोली जंक्शन आणि पनवेल या पट्ट्यात रोज सुमारे १ लाख ८० हजार ‘पीसीयू’ इतकी रहदारी असते. पीसीयू म्हणजे सगळी वाहनं प्रवासी मोटारीच्या मापात मोजून काढलेला आकडा. त्यात एक ट्रेलर अनेक मोटारींइतका धरला जातो. जेएनपीएने २०२४-२५ या वर्षात वीस फुटी पेटीच्या मापाने ७० लाखांहून अधिक कंटेनर हाताळले. त्यात ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळाची भर पडली. पनवेल-कळंबोलीतल्या रहिवाशांनी या कोंडीचा त्रास वर्षानुवर्षं सोसला आहे. त्यांना मोकळा श्वास मिळणार असेल, तर ते चांगलंच.

मात्र शहरातून काढलेली रहदारी नाहीशी होत नाही, ती दुसरीकडे जाते. कोणत्या रस्त्याने, कोणत्या वेळी आणि कुणाच्या खिडकीखालून जावं, हे ठरवण्याचे नियम आपल्याकडे आहेत. ते बहुतेक शहरांसाठी वापरले जातात. चौकसारख्या फाट्यावरच्या गावापर्यंत ते पोचतच नाहीत, आणि आता ते पोचायला हवेत.

चौकला रहदारी नवी नाही. मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस पूर्वी पनवेल बंदरापर्यंत होडीने यायचा आणि तिथून चौक, खालापूर, खोपोली करत बोरघाट चढायचा. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात बोरघाटात गाडीरस्ता झाला, तेव्हा बैलांच्या पाठीवरचा माल गाड्यांत आला. १८६३ मध्ये घाटातून आगगाडी धावू लागली आणि बराच माल रुळांवर गेला. पुढे मोटारींच्या काळात हाच रस्ता राष्ट्रीय महामार्ग ४ झाला आणि मुंबई-पुण्याच्या सगळ्या मालमोटारी चौकच्या वेशीवरून धडधडू लागल्या. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यावर त्यांतल्या पुष्कळ त्या मार्गावर गेल्या. तरी जुना महामार्ग रिकामा झाला नाही. रसायनी-पाताळगंगेच्या औद्योगिक पट्ट्याची, खोपोलीच्या कारखान्यांची आणि चौकहून कर्जतकडे वळणारी वाहतूक त्यावर आहेच.

आता याच परिसरात माणसंही वाढत आहेत. पनवेल-कर्जत दरम्यान २९.६ किलोमीटरचा उपनगरी रेल्वेमार्ग बांधला जात आहे आणि चौक हे त्यावरचं स्थानक आहे. लोकल आली की इमारती येतात, हे बदलापूर-नेरळने पाहिलं आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. त्यातून वाचलेली कुटुंबं डोंगरावरून खाली आली आणि चौकजवळ कंटेनरच्या तात्पुरत्या घरांत राहिली. डोंगरावरच्या वाडीत जन्म गेलेल्या माणसाला महामार्गाकाठची पहिली रात्र कशी गेली असेल, याचा विचार रस्त्याच्या आराखड्यात कुठल्या रकान्यात करायचा? मोरबे धरणाचं पाणी याच परिसरातून नवी मुंबईला जातं. शहराच्या गरजा या भागाने याआधीही भागवल्या आहेत.

ट्रकचा आवाज म्हणजे नेमका कशाचा आवाज, हे नीट पाहिलं तर उपायही दिसू लागतात. कमी वेगात इंजिन आणि सायलेन्सर पुढे असतात. चढावर, वळणावर, सिग्नलवरून सुटताना ऐकू येते ती इंजिनाची घरघर. वेग वाढला की टायर आणि रस्ता यांच्या घर्षणाचा आवाज वरचढ होतो. त्यात एअर ब्रेकचा फुसकारा, हॉर्न आणि मागे येताना वाजणारी ‘टीं टीं’ मिसळते. रिकामा ट्रक भरलेल्यापेक्षा गप्प असेल असं वाटतं, पण गतिरोधकावर उलटंच घडतं. भरल्या ट्रकचं वजन सगळं दाबून धरतं. रिकाम्याचा फाळका आपटतो, साखळ्या खणखणतात, हौदा दणाणतो. म्हणून घरांसमोर गतिरोधक घालून मागितलेली सुरक्षितता रात्री झोपेच्या मुळावर येते. तिथे गती आधीच कमी करायला लावणारी रचना, म्हणजे अरुंद केलेली मार्गिका किंवा वर्तुळाकार चौरस्ता, अधिक शहाणपणाची ठरते.

डेसिबल हे माप साध्या बेरजेचं नाही. रहदारी दुप्पट झाली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. ऊर्जा दहापट झाली की १० डेसिबलने वाढतो, आणि कानाला तो सुमारे दुप्पट वाटतो. अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनाने लोकांना समजावं म्हणून दिलेलं एक उदाहरण लक्षात ठेवण्याजोगं आहे: ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर वेगाने जाणारा एक अवजड ट्रक त्याच वेगाच्या २८ मोटारींइतका आवाज करतो. म्हणजेच रस्त्यावरच्या एकूण वाहनांपैकी थोडे ट्रक रात्रीच्या वेळेतून बाजूला काढले, तरी आवाजात मोठा फरक पडतो. वाहनं मोजताना ट्रक वेगळे मोजावे लागतात ते म्हणूनच.

रात्रीचं आणखी एक कारण हवेत आहे. थंडीत सूर्यास्तानंतर जमीन लवकर निवते आणि तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते. अशा थरात आवाजाच्या लहरी वर न जाता खाली वाकतात आणि लांबवर ऐकू येतात. माथेरानचा डोंगर आणि इर्शाळगड यांच्या पायथ्याशी असलेल्या सखल भागात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री हा परिणाम जास्त जाणवणार. दुपारी मोजणी करून ‘आवाज मर्यादेत आहे’ असा अहवाल लिहिणं म्हणूनच पुरेसं नाही.

मर्यादा किती? ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनी चार प्रकारची क्षेत्रं ठरवली आहेत. निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. व्यापारी क्षेत्रात ६५ आणि ५५. औद्योगिक क्षेत्रात ७५ आणि ७०. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे दहा ते सहा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी केलेल्या शिफारशीतही रस्त्यावरच्या वाहतुकीचा रात्रीचा आवाज ४५ डेसिबलच्या खाली असावा असंच म्हटलं आहे. पंधरा मीटरवरून वेगाने जाणारा अवजड ट्रक त्या क्षणी ८० डेसिबलच्या वर जातो. मात्र नियमातले आकडे सरासरीचे आहेत. रात्रीच्या आठ तासांत दहा वेळा एअर हॉर्न वाजला तरी सरासरी फारशी हलत नाही, झोपलेलं मूल मात्र दहा वेळा दचकतं. सरासरीचा नियम आणि झोपेचा अनुभव यांतली ही फट भरून काढण्यासाठी २०१० मध्ये नियमांत नवं कलम आलं: निवासी क्षेत्रात रात्री आणि शांतता क्षेत्रात कोणत्याही वेळी, सार्वजनिक आणीबाणी सोडता, हॉर्न वाजवायचा नाही. आवाज करणारी बांधकाम यंत्रंही तिथे रात्री चालवायची नाहीत. हे दुसरं वाक्य चौकने विशेष जपून ठेवावं. बोगदे आणि उड्डाणपुलांचं काम सुरू होतं तेव्हा रहदारीच्या आधी डंपर आणि ब्रेकर येतात.

शांतता क्षेत्राबद्दल एक गैरसमज सर्वत्र आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचा शंभर मीटरचा परिसर आपोआप शांतता क्षेत्र होतो, असं लोक मानतात. १० ऑगस्ट २०१७ च्या दुरुस्तीनंतर तसं राहिलेलं नाही. राज्य सरकारने जाहीर केल्याशिवाय कोणताही परिसर शांतता क्षेत्र ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने या दुरुस्तीला स्थगिती दिली होती. त्या आदेशाला सप्टेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. याचा गावपातळीवरचा अर्थ असा की दवाखाना आणि शाळा यांची नावं यादीत घालून घ्यावी लागतात. कुणी मागितलं नाही, तर फलक लागत नाही. फलक नसेल, तर ‘इथे हॉर्न वाजवायचा नाही हे मला कुठे माहीत होतं’ असं चालक म्हणतो, आणि त्याचं खोटंही नसतं.

ट्रकला एखाद्या रस्त्यावर बंदी घालण्याचा अधिकार वेगळ्या कायद्यात आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम ११५ म्हणतं की सार्वजनिक सुरक्षितता किंवा सोय यासाठी, अथवा रस्त्याचं वा पुलाचं स्वरूप पाहून, राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली यंत्रणा ठरावीक प्रकारच्या वाहनांना ठरावीक रस्त्यावर मनाई करू शकते. मनाई राजपत्रात प्रसिद्ध करावी लागते. ती महिनाभरापेक्षा जास्त काळ नसेल तर राजपत्राची गरज नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. मात्र दोन्ही वेळी कलम ११६ प्रमाणे रस्त्यावर खुणेचे फलक लावावेच लागतात. कलम ११७ वाहनतळाच्या जागा ठरवण्याबद्दल आहे आणि त्यासाठी स्थानिक संस्थेचा सल्ला घ्यायचा असतो. दंडाचं प्रमाणही बोलकं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनाकारण किंवा मनाईच्या जागी हॉर्न वाजवल्यास कायद्यात पहिल्यांदा १,००० आणि नंतर २,००० रुपये दंड आहे. कलम ११५ ची मनाई मोडणाऱ्या ट्रकला मात्र २०,००० रुपये. म्हणजे हॉर्नच्या मागे पळण्यापेक्षा मार्ग आणि वेळ ठरवून देणं कायद्याच्या दृष्टीनेही भक्कम आहे.

ग्रामपंचायतीला यातलं काहीही स्वतःच्या सहीने करता येत नाही, ही खरी अडचण आहे. महानगरपालिका असलेल्या मोठ्या शहरात बहुधा पोलीस आयुक्तालय असतं, वाहतूक शाखा असते, नगरसेवक पाठपुरावा करतात. चौकमध्ये महामार्ग एका यंत्रणेचा, कर्जतचा रस्ता दुसरीचा, वाहतुकीचं नियमन जिल्ह्याच्या पोलिसांचं, अधिसूचना वरून. नागरिकाची आवाजाची तक्रार मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त आवाजाची असो वा रात्रीच्या मनाईच्या भंगाची, तिच्यावर कारवाई करण्याची जबाबदारी जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस उपअधीक्षक व त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची. गावाने मागणी नेमक्या शब्दांत लिहिली नाही, तर ती या कार्यालयांच्या मधल्या वाटेतच अडकते.

नेमकं लिहिलेला नियम कसा चालतो, हे रायगड जिल्हा दर गणेशोत्सवात पाहतो. मुंबई-गोवा महामार्गावर त्या दिवसांत १६ टन आणि त्याहून अधिक क्षमतेच्या वाहनांना बंदी असते. तारखा आधी जाहीर होतात. दूध, इंधन, स्वयंपाकाचा गॅस, औषधं, भाजीपाला यांना सूट असते. वाहन कोणतं, रस्ता कोणता, दिवस कोणते, सूट कुणाला, या चारही गोष्टी आदेशात असतात. म्हणून तो नाक्यावरच्या हवालदारालाही समजतो आणि ट्रकमालकालाही. ‘अवजड वाहनांचा त्रास बंद करा’ असा ठराव यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही.

नियमाची वेळ चुकली तर काय होतं, याचा सर्वांत जुना दाखला रोमचा आहे. इसवी सनापूर्वी ४५ च्या सुमारास ज्यूलियस सीझरच्या काळातल्या कायद्याने दिवसा शहरात बहुतेक गाड्यांना बंदी घातली. रस्ते मोकळे झाले आणि माल रात्री येऊ लागला. पुढे शंभर-दीडशे वर्षांनी कवी जुवेनाल गाड्यांच्या खडखडाटामुळे रोममध्ये झोप लागत नाही, अशी तक्रार करताना दिसतो. आजही तेच होतं. मुंबई-ठाण्यात सकाळ-संध्याकाळ गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना मनाई असते, म्हणून ट्रक आपलं वेळापत्रक मागेपुढे करतात आणि शहराबाहेरच्या पट्ट्यातून रात्री जातात. शहराचा दिवस सुरळीत व्हावा म्हणून गावाची रात्र खर्ची पडते. मुंबईच्या प्रत्येक वेळापत्रकाचा परिणाम खालापूर तालुक्यात किती होईल, हे तपासणं त्या आदेशाचाच भाग असायला हवं.

लंडनने १९८० च्या दशकाच्या मध्यापासून रात्रीचा प्रश्न वेगळ्या पद्धतीने हाताळला. १८ टनांवरच्या ट्रकना रात्री नऊ ते सकाळी सात आणि शनिवार-रविवारचा बराचसा काळ ठरलेल्या मुख्य रस्त्यांवरूनच जावं लागतं. त्याबाहेरच्या गल्लीत माल पोचवायचा असेल तर परवाना घ्यायचा आणि मुख्य रस्ता सोडून कमीत कमी अंतर कापायचं. स्वित्झर्लंडमध्ये साडेतीन टनांवरच्या मालवाहनांना रात्री दहा ते पहाटे पाचपर्यंत बंदीच आहे. आपल्याकडे बंदरातून चोवीस तास माल सुटतो, तिथे स्विस पद्धत चालणार नाही. लंडनची मात्र चालू शकेल, कारण चौकला पर्यायी मार्ग आयता मिळणार आहे. नवा महामार्ग झाल्यावर रात्री लांब पल्ल्याच्या कंटेनरला गावातला जुना रस्ता वापरण्याचं कारण उरणार नाही. एकच कारण उरेल, ते म्हणजे टोल. हा रस्ता ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ तत्त्वावर, टोल घेऊन चालवला जाणार आहे. टोल वाचवायला जुन्या रस्त्याने जाण्याची सवय देशभर आहे. कलम ११५ खालचा रात्रीचा आदेश रस्ता सुरू होण्याच्या दिवशीच लागू झाला, तर ती सवय लागण्याआधीच मोडेल.

माल उतरवतानाच्या आवाजावर नेदरलँड्सने १९९८ पासून ‘पीक’ नावाचा कार्यक्रम राबवला. दुकानात माल पोचवताना संध्याकाळी सात ते अकरा या वेळात साडेसात मीटरवर ६५ डेसिबल आणि रात्री अकरा ते सकाळी सात ६० डेसिबल, अशी मर्यादा ठरली. मग कारखान्यांनी रबरी चाकांच्या ढकलगाड्या, आवाज शोषणारे फाळके, हलक्या हाताने लागणारी दारं बनवली. यातलं बरंचसं इथे फार पैशांशिवाय करता येतं. ट्रकच्या साखळीला रबरी नळीचं आवरण, उतरण्याच्या फळीवर जुन्या टायरचा पट्टा, गोदामाच्या आवारात गाडी मागे न घेता पुढूनच वळवता येईल अशी जागा. शेवटची गोष्ट गोदामाला बांधकाम परवानगी देतानाच मागावी लागते. मागे येण्याची वेळच आली नाही, तर ‘टीं टीं’ वाजणारच नाही.

चौकच्या डोक्यावरच याच्या अगदी उलट टोकाचं गाव आहे. मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा तळ चौकला पडला होता. तिथून ते डोंगर चढून गेले आणि माथेरान इंग्रजांच्या नकाशावर आलं. माथेरानच्या दक्षिण टोकाला आजही मोठा चौक आणि छोटा चौक नावाचे पॉइंट आहेत. त्या गावात मोटारींना बंदी आहे. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी सोडली तर सगळी वाहनं दस्तुरी नाक्यावर थांबतात. तिथून पुढे माल घोड्यांवरून आणि हातगाड्यांवरून जातो. ४ फेब्रुवारी २००३ रोजी हा परिसर पर्यावरण संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. पण शांततेची किंमत तिथे माणसांच्या खांद्यांनी मोजली. हातरिक्षा ओढणाऱ्यांचं काम अमानवी आहे, हे ओळखून सर्वोच्च न्यायालयाने आधी ई-रिक्षांच्या प्रयोगाला परवानगी दिली आणि ६ ऑगस्ट २०२५ च्या निकालात हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ई-रिक्षा आणायला सांगितलं. नियम वाढवता येतो, बदलता येतो आणि न्याय्यही करता येतो, हे माथेरान दाखवतं. दोन गावांत उंचीचा फरक काही शे मीटरचा आहे. वरच्या गावातल्या शांततेची काळजी सर्वोच्च न्यायालयापर्यंत घेतली गेली. खालच्या गावाला निदान रात्रीचे आठ तास मिळावेत, ही मागणी मोठी नाही.

या मागणीत चालक विरोधी पक्षात नाही. रात्री गावाच्या कडेला इंजिन चालू ठेवून उभा असलेला ट्रक बहुधा बंदराच्या किंवा कारखान्याच्या वेळेची वाट पाहत असतो, आणि चालकाला झोपायला दुसरी जागा नसते. जेएनपीएने बंदराजवळ मध्यवर्ती वाहनतळ उभारला, कळंबोलीत ट्रक टर्मिनल आहे. मार्गाच्या चौककडच्या टोकालाही वस्तीपासून दूर तसा तळ लागेल, त्यात पाणी, स्वच्छतागृह आणि सावली लागेल. नाहीतर ट्रक फाट्यावरच थांबणार, आदेश काहीही असो. हॉर्नची सवय मोडायलाही धाक एकटा पुरत नाही. ३० एप्रिल २०१५ रोजी महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी मालवाहनांच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला मनाई केली, कारण ते वाक्य हॉर्न वाजवायला आमंत्रण देतं. जानेवारी २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी काही सिग्नलवरचा एक प्रयोग जाहीर केला: आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची वेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू. दोन्ही उपाय चालकाला त्याचं वागणं दाखवून देणारे होते.

भिंतींबद्दलही आधीच बोलायला हवं. रस्ता आणि घर यांच्यातली नजरेची रेषा तोडणारी ध्वनिरोधक भिंत सुमारे ५ डेसिबल कमी करते, आणि त्यापुढे उंचीच्या प्रत्येक मीटरला साधारण दीड डेसिबल. झाडांची एक रांग डोळ्यांना बरी वाटते, कानांना तिचा उपयोग जवळजवळ नाही. त्यासाठी साठ मीटर रुंदीचं दाट रान लागतं. उंच भरावावरून किंवा पुलावरून जाणाऱ्या रस्त्याचा कठडाच भिंतीसारखा बांधला तर खर्च फार वाढत नाही. तो नंतर उभारायचा झाला, तर पैसे कुणी द्यायचे यावरच वर्षं जातात.

आणि या सगळ्याच्या आधी मोजणी. रस्ता होण्यापूर्वी गावात किती आवाज होता याची नोंद नसेल, तर रस्ता झाल्यावर तो किती वाढला हे कुणालाच सिद्ध करता येणार नाही. नव्या राष्ट्रीय महामार्गाच्या पर्यावरण अहवालात ध्वनीची मोजमापं असतात. ती कोणत्या ठिकाणी, कोणत्या महिन्यात, रात्री किती वाजता घेतली, हे पाहण्याचा आणि शाळा, दवाखाना, ठाकरवाडी, पुनर्वसनाची वस्ती अशी आपली ठिकाणं त्यात घालून मागण्याचा हक्क गावाला आहे. ग्रामसभेच्या ठरावात ती नावं एकेक करून, अंतरासह लिहिली गेली, तर जिल्हाधिकारी कार्यालयाला त्यावर उत्तर देणं भाग पडेल.